घरच्या गाडीला हाच माल

"आश्रुबा, लई इचार करू नको. माझ्या पोराच्या गाडीला हाच माल हाय. माझी नात बसती त्या गाडीत. आता बोल."

अप्पांनी पोपटी रंगाचा शॉकअप काउंटरवर उभा केला आणि त्याच्या डोक्यावर तळहात ठेवला, एखाद्या पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा. मी मागच्या बाकावर बसून रुद्राणीला वरणभात भरवत होते. माझा हात मध्येच थांबला. रुद्राणीने आ वासलेला, आणि घास ताटाच्या वरच.

आश्रुबाने मान वळवून आमच्याकडे पाहिले. त्याची आमच्यासारखीच पांढरी गाडी आहे, भाड्याने चालवतो. पेशंटला संभाजीनगरला नेणे, लग्नात नवरदेवाला मिरवणे, जे मिळेल ते.

"ही का नात? काय गं छकुले, कसं हाय पप्पाच्या गाडीचं जंपिंग?"

"छान," रुद्राणी म्हणाली. तिला कुणी काहीही विचारले तरी ती छानच म्हणते.

"झालं! मालकीणच बोलली म्हणल्यावर आमी कोण?" आश्रुबा हसला. "द्या अप्पा, दोन्ही बाजूचे द्या. तुमी म्हणताव तर डोळे झाकून."

"डोळे उघडे ठेव बे, गाडी चालवतूस तू!"

दुकानातले सगळे हसले. मीही हसल्यासारखे केले आणि घास रुद्राणीच्या तोंडात घातला.

आमच्या गाडीला तो माल नव्हता. आमच्या गाडीला काळ्या रंगाचे, कंपनीचे शॉकअप होते, बीडच्या सर्व्हिस सेंटरमध्ये बसवलेले. अप्पांनी दिलेले पोपटी शॉकअप आमच्या बीडच्या घरी दिवाणात पडले होते, रुद्राणीच्या जुन्या दुपट्यांच्या खाली.

गेवराईत जुन्या रस्त्यावर अप्पांचे स्पेअर पार्टचे दुकान आहे. विरुपाक्ष अप्पा, माझे सासरे. बायपास झाल्यापासून लांबच्या गाड्या तिकडून जात नाहीत, पण तालुक्यातल्या जीपा, टेम्पो, दुधाच्या गाड्या यांचे मेस्त्री अजून त्यांच्याकडेच येतात. सकाळी पूजा आटोपून, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून ते दुकानात बसतात, आणि दुपारपर्यंत त्या पट्ट्यांवर ग्रीसचे एखादे बोट उमटलेले असते. पन्नास वेळा सांगून झाले की अप्पा, कपाळाला हात लावण्याआधी पुसत जा. ते म्हणतात, "देवाला समजतं, गडी दुकानात हाय म्हणून."

त्यांच्या लेखी माल तीन तऱ्हांचा. कंपनीचा, बाजारचा आणि नकली. कंपनीचा म्हणजे गाडी बनवणाऱ्याच्या नावाच्या खोक्यात येतो तो. बाजारचा म्हणजे दुसऱ्या एखाद्या कारखान्याने त्याच मापात बनवलेला, आपल्या स्वतःच्या नावाने विकलेला. आणि नकली म्हणजे ज्याच्या खोक्यावर कंपनीचे नाव आणि आत कुणाचे पाप ते माहीत नाही. "बाजारचा माल आपल्या बापाचं नाव सांगतो," ते गिऱ्हाइकाला समजावतात, "नकली दुसऱ्याच्या बापाचं. मी बाजारचा इकतो. नकली माल माझ्या उंबऱ्याच्या आत येत न्हाई."

पण बाजारच्या मालातही डावे-उजवे असतेच. ते ओळखायची अप्पांची एकच रीत होती. नवीन कारखान्याचा माल आला की तो आधी घरच्या गाडीला घालायचा. काही दिवस चालवायचा. मगच दुकानात मांडायचा. गेवराईतल्या लोकांना ही रीत ठाऊक होती. पावती, गॅरंटी कार्ड असले काही कुणी मागत नसे. अप्पा नुसते विचारायचे, "माझ्या घरच्या गाडीला हाय. अजून काय पायजे?" आणि अजून काही कुणाला नको असायचे.

पूर्वी ही घरची गाडी म्हणजे त्यांची मोपेड होती, आणि मागे सासूबाई. मी त्यांना फारसे पाहिले नाही, आमच्या लग्नानंतर लवकरच त्या गेल्या. पण त्यांची एक गोष्ट अप्पांनी मला कितीदा तरी सांगितलीय. कुठल्याशा नव्या कारखान्याचे ब्रेक आले होते. अप्पांनी ते मोपेडला घातले, सासूबाईंना मागे बसवले आणि बाजाराला निघाले. चौकात म्हैस आडवी आली. अप्पांनी ब्रेक दाबला, ब्रेक लागला नाही. मोपेड म्हशीला, सासूबाई मेथीच्या ढिगाऱ्यात.

"उठली, लुगडं झटकलं आन् चौकात मला म्हणती कशी," अप्पा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत, "'हा माल कुणाला इकलाव तर घरात येऊ नका.' समदा माल परत धाडला. एक डबी ठिवली न्हाई."

ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मलाही खूप हसू आले होते. पुढे माझ्या मनात तिचे दुसरेच काही झाले.

माझे माहेर गोदावरीकाठच्या गावचे. वाळू वाहणाऱ्या हायवा ट्रकांनी तो रस्ता असा फोडलाय की डांबर शोधावे लागते. मागच्या उन्हाळ्यात आम्ही तिकडून येत होतो. योगीराज गाडी चालवत होता, मी आणि रुद्राणी मागे. एका उंचवट्यावर गाडी खाली दणकन आपटली, आणि रुद्राणीचा दात तिच्याच ओठात घुसला. फार काही नव्हते. डॉक्टर म्हणाले, टाक्याची गरज नाही. पण तिच्या पिवळ्या फ्रॉकवर रक्ताचा ओघळ आला होता आणि ती रडतही नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती, हे काय झाले म्हणून. त्या दिवसापासून मी गाडीत बसले की कान देऊन असायचे. खट् झाले की विचारायचे, हा कसला आवाज? योगीराज म्हणायचा, "डिकीतली बाटली आहे गं." मी उतरून बाटली काढून टाकायचे. आवाज तसाच.

सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवले. तिथल्या इस्त्रीच्या शर्टातल्या मुलाने शॉकअप गेलेत म्हणून सांगितले, आणि माझ्या कडेवरच्या रुद्राणीकडे बघून म्हणाला, "मॅडम, शेवटी सेफ्टीचा प्रश्न आहे." हे तो दिवसभरात किती आयांना म्हणत असेल ते मला कळत होते. कळत असूनही ते वाक्य माझ्यात जाऊन बसायचे तिथे बसले.

त्याच सुमारास अप्पांकडे ते पोपटी शॉकअप आले. दिल्लीकडचा नवीन कारखाना. अप्पा खुशीत होते. "रंग बघा, रंग! अंधारात बी दिसंल. योग्या, तुझ्या गाडीला हेच घालू. बीडला भागवत मेस्त्रीकडं बसवून घे. दोन-तीन महिने चालव आन् मला सांग, मग मी मांडतो दुकानात."

घरी परतताना मी योगीराजला म्हणाले, "म्हणजे आपल्या रुद्रावर टेस्ट घेणार का?"

"टेस्ट काय त्यात? अप्पांची पद्धतच आहे ती."

"पद्धत तुझ्या आईवर होती. त्या पडल्या ना?"

"मेथीत पडली! लागलं कुठं होतं?"

"प्रत्येक वेळी मेथी असेल का खाली?"

त्याने गाडीतला रेडिओ मोठा केला. मी बी.एस्सी. झालेली. फोनवर वाचत बसायचे, व्हिडिओ बघायचे. एकाने म्हटलेले असायचे की बाजारचे शॉकअप वर्षात तेल गाळतात. दुसऱ्याने म्हटलेले असायचे की तो कारखाना कंपनीलाच माल पुरवतो, फरक फक्त खोक्याचा. मी पहिल्याचे पुन्हा पुन्हा वाचायचे. शेवटी मी योगीराजला स्पष्ट सांगितले, "कंपनीचे घालू. महाग पडले तरी चालेल. पण अप्पांना सांगून घालायचे. त्यांना वाईट वाटेल, पण सांग."

"सांगतो," तो म्हणाला.

योगीराज बीडच्या कोर्टात लिपिक आहे. दिवसभर भांडणारी माणसे बघून तो घरी येतो, घरात त्याला भांडण नको असते. कंपनीचे शॉकअप बसले त्या संध्याकाळी मी कणीक मळत होते आणि बाहेर तो फोनवर बोलत होता. "हो अप्पा. बसवले. हो, भागवतकडंच. नाही, आवाज काहीच नाही. एकदम मस्त."

मी कणकेच्या हातांनी दारात येऊन उभी राहिले. त्याने फोन ठेवला.

"अरे, सांगणार होतास ना?"

"त्यांनी आधीच विचारलं, बसवले का म्हणून. हो निघून गेलं तोंडातून." मग माझ्याकडे बघून हसला. "म्हातारा एवढा खुश झाला गं. एका वाक्यात. कुणाचं काय गेलं?"

तेव्हा मलाही वाटले, कुणाचे काय गेले? रुद्राणी सुरक्षित, अप्पा खुश. गाडी रस्त्यावरून अशी जायची की मांडीवरच्या डब्यातले वरण हलायचे नाही. मी दिवाणाचे झाकण लावले आणि वर गादी टाकली.

आश्रुबाला माल दिला ते मी स्वतः पाहिले, म्हणून मला कळले की त्या वाक्याला पाय फुटलेत. त्यानंतर मी गेवराईला गेले की दुकानात कान लावून बसायचे. दूधवाला आला. अप्पा म्हणाले, "नात बसती माझी." शाळेतले एक सर आले, त्यांना म्हणाले, "सर, खोटं कशाला बोलू? पोराच्या गाडीला हाय, बीड-गेवराई करतो दर रविवारी." प्रत्येक वेळी रुद्राणीकडे बोट. आणि रुद्राणी बाकावर पाय हलवत बसलेली, आपल्याकडे बघून मोठी माणसे का हसतात ते तिला न कळलेले.

त्या मालाची कुणाची तक्रार आली नाही, हेही खरे. पण तक्रार यावी असे मला कधीकधी वाटायचे, आणि असे वाटले की लगेच मी आश्रुबाच्या गाडीत बसणाऱ्या माणसांसाठी देवाला हात जोडायचे. त्याच्या गाडीतही कुणाची तरी पोर बसत असेल.

दिवाळीत एकदा दुपारी दुकानात कुणी नव्हते. योगीराज घरी झोपला होता. अप्पा भुईमुगाच्या शेंगा फोडत होते, दाणे रुद्राणीच्या वाटीत टाकत होते.

"शिवकांता," ते म्हणाले, "एक खरं सांग मला."

मी रुद्राणीच्या वाटीतल्या दाण्यांची साले काढू लागले.

"योग्या काय, तो हो ला हो म्हणतो. लहानपणापासून तसाच हाय. पण तू शिकलेली हायस, आन् तुझं ध्यान असतं. मी बघतो की, लेकरू जरा खोकललं तरी तुझे कान उभे. तर तू सांग. रस्त्यावर कशी वाटती गाडी? खड्ड्यात मारती का? वळणावर झोकती का? जे हाय ते बोल, मला वाईट वाटणार न्हाई. तुझ्या शब्दावर मी पुढचा माल सांगणार हाय."

शेंगा फोडायचे थांबवून ते माझ्याकडे बघत राहिले. आजवर माझे मत असे कुणी विचारले नव्हते. माहेरी नाही, कॉलेजात नाही, योगीराजनेही नाही. ते असे विचारत होते जसे एखाद्या मोठ्या मेस्त्रीला विचारावे.

"छान आहे अप्पा गाडी," मी म्हणाले. "अजिबात मारत नाही. वळणावरही छान."

गाडी छानच होती. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

"बास," अप्पा म्हणाले. "तुझी सासू असती तर तिनं बी असंच सांगितलं असतं." आणि त्यांनी तिथेच फोन लावून आणखी माल सांगितला.

घरी येऊन मी योगीराजशी भांडले. आपण आत्ताच्या आत्ता जाऊन सांगू, म्हणाले. तो म्हणाला, "आता? आता सांगून काय होणार? माल चांगलाच आहे ना? लोक खुश आहेत ना? मग त्यांचं वाक्य तू कशाला तपासत बसतेस?" उत्तर मला नंतर सुचले. नंतर सुचलेल्या उत्तराला कुणी विचारत नाही.

संक्रांतीनंतरच्या रविवारी आम्ही गेवराईहून बीडला निघायच्या तयारीत होतो. दुकानासमोर गाडी उभी, तिळाच्या लाडवांचा डबा मागच्या सीटवर ठेवलेला. योगीराजने बघितले तर पुढचे चाक बसलेले. खिळा होता. त्याने जॅक लावला आणि स्टेपनी काढली. चाक निघाले तेव्हा अप्पा दुकानातून पोत्याचा तुकडा घेऊन आले.

"गुडघ्याखाली घे रे, पँट खराब व्हती."

ते पोते टाकायला वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

चाकामागे शॉकअप उघडा पडला होता. वर चिखल वाळला होता. अप्पांनी अंगठ्याने तो चिखल खरवडला. खाली काळे निघाले. आणखी खरवडले. कंपनीचा पांढरा स्टिकर निघाला.

"योग्या, हे काळं कसं काय?"

योगीराजच्या हातात नट होते. तो त्या नटांकडेच बघत राहिला.

"मी पोपटी दिलते."

"हो अप्पा. ते... म्हणजे..."

मी गाडीतून उतरले. "अप्पा, मी म्हणाले होते. रुद्राला लागलं होतं ना, त्यामुळे मला भीती वाटत होती. कंपनीचे घालू म्हणून मीच म्हणाले."

अप्पा सरळ उभे राहिले. त्यांना उभे राहायला एरवीपेक्षा वेळ लागला. मला वाटले, आता ओरडतील. तसे झाले असते तर फार बरे झाले असते.

"आन् पोपटी कुठं हायेत?"

"बीडला. घरी. खोक्यातच आहेत."

"खोक्यात," ते म्हणाले. "म्हंजी उघडले बी न्हाईत."

योगीराज हातातले नट मोजू लागला.

"उघडून बघितले असते, न्हाई पटले, परत आणून दिले असते..." वाक्य त्यांनी पुरे केले नाही. योगीराजला म्हणाले, "नट आवळ. एकाआड एक आवळ, एकाच बाजूनं आवळू नको." आणि आत जाऊन हात धुतले. साबण लावून, पुन्हा लावून. बाहेर येऊन दुकानाचे शटर अर्ध्यावर ओढले. दिवसाउजेडी मी ते शटर ओढलेले कधी बघितले नव्हते.

"मला स्टँडवर न्या," ते म्हणाले.

गाडीत अप्पा पुढे बसले होते, दोन्ही हात मांडीवर. रुद्राणी मागून म्हणाली, "आजोबा, लाडू?" त्यांनी मागे हात केला, लाडू घेतला आणि तसाच मुठीत धरून बसले.

स्टँडबाहेर भाड्याच्या गाड्या रांगेने उभ्या असतात. आश्रुबा बोनेटला टेकून दोघा-तिघा ड्रायव्हरांशी गप्पा मारत होता. अप्पांना बघून सरळ झाला.

"अप्पा! शटर टाकून आलाव? कावून, बरं न्हाई का?"

"बरा हाय. आश्रुबा, इकडं ये जरा."

"इथंच बोला की. ही समदी आपलीच माणसं हायेत."

अप्पांनी त्या ड्रायव्हरांकडे पाहिले, आणि मग इथेच बोलायचे ठरवले.

"तुला मी शॉकअप दिलते. माझ्या पोराच्या गाडीला हेच हायेत म्हणलो होतो."

"हां. मग? एक नंबर चाललेत. कालच पैठणला जाऊन आलतो, म्हातारी माणसं होती मागं, एकानं बी तक्रार केली न्हाई."

"पोराच्या गाडीला ते न्हाईत. कंपनीचे हायेत. मला आज कळलं."

आश्रुबाने आधी त्यांच्याकडे बघितले, मग गाडीत बसलेल्या योगीराजकडे, मग माझ्याकडे. मी रुद्राणीच्या केसांची क्लिप नीट करायला लागले. मागचा एक ड्रायव्हर हलकेच म्हणाला, "साहेब लोक हायेत बाबा, साहेबाला कंपनीच लागती." दुसऱ्याने त्याला कोपर मारले.

"ये गप ए," आश्रुबा त्याला म्हणाला. मग अप्पांना, "अहो, मग काय झालं? पोरगा कमावतो, त्यानं कंपनीचं घातलं. माल तर चांगला हाय ना?"

"माल चांगला हाय का न्हाई, ते मला ठाऊक न्हाई. मी बघितलंच न्हाई. तुला मी बघून सांगितलं असं सांगितलं, आन् तू डोळे झाकून घेतलास. माल खोटा न्हाई आश्रुबा. मी खोटा पडलो."

"अप्पा, लई मनाला लावून घेताव तुमी."

"पायजे तर काढून घेतो. पैसे देतो, मेस्त्रीची मजुरी बी देतो. कंपनीचे मागवून देतो तुला."

"चालत्या गाडीचं कावून काढू? चहा घ्या. ए, एक चहा सांग रे अप्पाला!"

"चहा नको." अप्पांनी हातानेच त्याला थांबवले. "बाकीच्यांना घरी जाऊन सांगीन. दूधवाला हाय, सर हायेत. तू जवळ होतास म्हणून आधी तुझ्याकडं आलो."

योगीराज खाली उतरला. "अप्पा, चला आता. दुकानावर सोडतो तुम्हाला. चूक झाली आमची."

मीही काच खाली केली. "अप्पा, खरंच, मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तुम्ही विचारलं होतं मला."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. डोळ्यांत राग नव्हता. मी राग शोधत होते.

"पोरी, लेकरासाठी केलंस. आई हायस तू. मी असतो तर मी बी हेच केलं असतं. काळं घाल, निळं घाल, मला काय." ते खिडकीजवळ आले, आवाज खाली आणला. "नुसतं सांगायचं होतं. मी दुसऱ्या कुणाच्या गाडीला घालून बघितलं असतं. त्या लेकराचं नाव असल्या खोट्यात माझ्या तोंडी येऊ द्यायचं नव्हतं."

मुठीतला लाडू दिसल्यावर त्यांनी तो रुद्राणीच्या हातात परत दिला. चुरा झाला होता. ती चुराच खाऊ लागली.

योगीराजने पुढचे दार उघडून धरले. अप्पांनी त्या दाराकडे बघितले नाही. आश्रुबाच्या गाडीकडे वळले.

"आश्रुबा, भाडं न्हाई ना आत्ता? मला दुकानावर सोड."

"अहो, पोराची गाडी उभी हाय की समोर."

"तू सोड."

आश्रुबाने एकदा योगीराजकडे बघितले, खांदे उडवले आणि गाडीत बसला. अप्पा त्याच्या शेजारी पुढे बसले. आम्हालाही त्याच रस्त्याने बीडला जायचे होते. म्हणून त्यांची गाडी पुढे, आमची मागे, असे आम्ही निघालो. दोन्ही गाड्या पांढऱ्या, दोन्ही सारख्याच. बघणाऱ्याला वाटले असते, एकाच घरची वरात आहे.

हा जुना रस्ताही हायवांनी फोडलेला. पहिला खड्डा आश्रुबाने सफाईने चुकवला. दुसराही. मग पुढच्या काचेतून दिसले, अप्पांनी त्याच्याकडे मान वळवून काहीतरी म्हटले. आश्रुबाने मान हलवली, नाही म्हणून. अप्पांनी पुन्हा म्हटले. त्यानंतर त्याने एकही खड्डा चुकवला नाही. सगळ्यांत मोठा, सांडपाणी साचलेला खड्डा आला, तोही त्याने सरळ घेतला. गाडी पुढून खाली गेली, वर आली. अप्पांचे डोके तिच्याबरोबर खाली गेले, वर आले.

"हे काय करतायत?" योगीराज म्हणाला. त्याने आमची गाडी खड्ड्याच्या कडेने हळूच काढली.

थोड्या अंतरावर आश्रुबाने चालती गाडी डावीकडे घेतली, हात बाहेर काढला आणि आम्हाला पुढे जायची खूण केली. ती अप्पांनीच करायला लावली असणार. योगीराजने उगाच हॉर्न वाजवला, वेग कमी केला, वाट बघितली. तो हात तसाच हलत राहिला. मग त्याने गाडी पुढे काढली.

दोन्ही गाड्या शेजारी आल्या तेव्हा रुद्राणी काचेला नाक लावून ओरडली, "आजोबा, टाटा!" आश्रुबाने तिला हात केला. पलीकडे अप्पा बसले होते, डोळे मिटून, मान चाकाच्या बाजूला कललेली. ते खालचा आवाज ऐकत होते.